शेवंती कुणामागं पळाली

मित्रांनो, मी म्हैस आहे, म्हातारी आहे, आणि माझ्या मनात एक अढी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणाची फसगत नको. क्षमा, शांती असलं काही शिकायचं असेल तर पलीकडच्या गोठ्यात एक गाय आहे, तिच्याकडं जा. ती सगळ्यांना माफ करते, म्हणून तिचा फोटो कॅलेंडरवर येतो. माझा फोटो कुणी भिंतीवर लावत नाही आणि त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही.

तुम्ही मुलं एकमेकांना माझ्या नावानं चिडवता, तेही मला ठाऊक आहे. कुणी वर्गात पेंगलं की म्हैस, कुणी हळू चाललं की म्हैस. चिडवा खुशाल. पण म्हशीला काही कळत नाही, असं जे तुमच्या घरची मोठी माणसं म्हणतात, ते मात्र खरं मानू नका. कुणी पाठीवरून हात फिरवला आणि कुणी शिंगाच्या मुळाशी काठी हाणली, ते मी मरेपर्यंत विसरत नाही.

माझं नाव शेवंती. बेळगावच्या उत्तरेला कंग्राळी म्हणून गाव आहे, तिथं माझा जन्म झाला. आता शहर सरकत सरकत आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलंय. कोपऱ्यावर मोबाईलचं दुकान, त्याला लागून जिम, आणि जिमच्या मागं आमचा गोठा. माझी मालकीण अंबुबाई. तिचा नवरा लवकर वारला. पदरात एकच मुलगी, प्रियदर्शनी. तिचं शिक्षण आधी माझ्या आईच्या आणि मग माझ्या दुधावर झालं. आज ती निपाणीला शाळेत शिकवते, स्कूटीवरून हिंडते, आणि आमच्या गल्लीतल्या बायका तिला मॅडम म्हणतात. त्या मॅडमपणात थोडा वाटा माझाही आहे, असं मी मानते.

अंबुबाई मला हाक मारायची ती अशी: "बा गं शेवंते, बा." बा म्हणजे कानडीत ये. आमच्याकडची माणसं दोन्ही भाषा एका घासात खातात आणि आम्हा जनावरांनाही दोन्ही कळतात. धार काढायला बसली की ती कपाळ माझ्या कुशीला टेकवायची आणि दिवसभराचं सगळं सांगायची. कुणाशी भांडण झालं, वांगी कशी किडकी निघाली, पोरीला स्थळ कुठून आलं आणि पोरगी कशी फणकारली. ते ऐकता ऐकता माझा पान्हा सुटायचा. तिच्या गोठ्यात काठी म्हणून नव्हतीच. काठी लागते ती बोलता न येणाऱ्या माणसाला, असं ती म्हणायची.

आता पाडव्याचं सांगते, कारण माझं सगळं आयुष्य त्याच एका सणाभोवती फिरलंय. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी पळवतात. सकाळी न्हाऊमाखू घालतात, शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा, डोक्याला मोरपिसं. मग मालक मोटरसायकलवर बसून पुढं निघतो आणि म्हैस त्याच्या मागं धावते. कुणी हाकत नाही, कुणी ओढत नाही. म्हैस मालकाच्या मागं जीव टाकून धावते, तेच बघायला लोक जमतात. वाटेतल्या घरांच्या बायका दारात ताट घेऊन उभ्या असतात आणि प्रत्येक म्हशीला ओवाळतात. आमच्या गल्लीत तर जुना रिवाजच आहे. म्हैस कुणाची यावर वाद झाला, तर पाडव्याला ती ज्याच्या मागं पळेल त्याची. गल्लीतले जाणते सिद्राम आप्पा देवळाच्या कट्ट्यावर बसून निवाडा देतात आणि तो सगळे मानतात.

अंबुबाईकडं मोटरसायकल नव्हती. ती लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून स्वतःच माझ्यापुढं धावायची आणि मी तिच्यामागं. पहिल्या वर्षी गल्ली हसली. दुसऱ्या वर्षी टाळ्या पडल्या. पुढं पुढं तर लोक आमच्या दोघींची वाट बघत थांबायला लागले. मी मुद्दामच तिच्या पुढं जात नसे.

मग एका पावसाळ्यात ती शेवाळावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण चार पावलं टाकायलाही महिने लागणार होते. प्रियदर्शनी तिला निपाणीला घेऊन गेली. मी तेव्हा गाभण होते. मला कुणाकडं ठेवायचं? शेजारी तिचा दीर राहायचा, परशराम. दोघांच्या गोठ्यांत छातीएवढी एकच भिंत. तो म्हणाला, वैनी, काळजी करू नका, माझ्या जनावरागत सांभाळतो. रिक्षात बसताना अंबुबाईनं माझ्या शिंगाला हात लावला आणि लौकर येते म्हणाली.

परशरामानं सांभाळलं ते कसं, ऐका. दसरा झाला आणि मला रेडकू झालं. कपाळावर पांढरा ठिपका असलेली मुलगी, तिचं नाव पुढं अबोली पडलं. त्यानं तिला माझ्यासमोरच्या भिंतीला बांधलं, आखूड दाव्यानं. मी मान ताणायचे, तीही ताणायची, आणि माझी जीभ तिच्यापर्यंत पोचत नसे. मित्रांनो, नुकत्याच व्यालेल्या आईला पोर चाटता येऊ नये, याहून मोठा छळ मला माहीत नाही. माझं सगळं दूध डेअरीला जायचं आणि तिच्या वाट्याला पिठाचं पाणी. ती हडकली. रात्रंदिवस रेकायची. मी पान्हा चोरला, तर त्यानं इंजेक्शनं टोचली. लाथ झाडली, तर शिंगाच्या मुळाशी काठी बसली. तेवढ्यात जनावरांच्या कानात बिल्ले मारणारे लोक आले. त्यानं सरळ माझा बिल्ला स्वतःच्या नावावर मारून घेतला.

दिवाळीला अंबुबाई परत आली. हातात काठी, शेजारी मुलगी. आल्या आल्या घरात न जाता ती गोठ्याकडं वळली आणि दिराला म्हणाली, लई उपकार झाले, आता माझी शेवंती सोड. परशराम म्हणाला, कुठली शेवंती? म्हस माझी, बिल्ला माझा, रेडकू माझ्या दावणीला झालंय. अंबुबाईला आधी ती थट्टाच वाटली. मग कळलं आणि तिचा आवाज चढला. गल्ली गोळा झाली, प्रकरण सिद्राम आप्पांकडं गेलं. आप्पा म्हणाले, बिल्ला काय, दाम दिला की कुणीबी मारतंय. परवा पाडवा हाय, म्हशीलाच विचारू.

हे ऐकून अंबुबाई हसली हो. प्रियदर्शनी म्हणत होती की आई, पोलिसात जाऊ, तलाठ्याकडं जाऊ. पण अंबुबाईला कुणाच्या सहीशिक्क्याची गरजच वाटली नाही. शेवंती आणि दुसऱ्याच्या मागं जाईल? तिनं त्या रात्री घरात करंज्या तळल्या, त्याचा वास मला भिंतीपलीकडून येत होता.

पाडव्याला प्रियदर्शनीनं स्कूटी काढली आणि आईला मागं बसवलं. परशरामाची मोटरसायकल शेजारी. त्याच्यामागं त्याचा दोस्त रवळू, आणि दोघांच्या मध्ये घोंगड्यात गुंडाळलेलं एक गाठोडं. प्रियदर्शनीनं विचारलं, काका, हे काय? नारळ हाईत, देवाला फोडायचे, असं तो म्हणाला. दोन्ही गाड्या सुटल्या, मला सोडलं. "बा गं शेवंते, बा," अशी हाक आली आणि माझे पाय तिकडं वळले. तेवढ्यात त्या गाठोड्यातून माझी पोर रेकली.

फटाके वाजत होते, सायलेन्सर काढलेल्या गाड्या कानठळ्या बसवत होत्या. माणसांच्या कानाला ते बारीकसं रेकणं कुठून लागणार? माझ्या कानाला लागलं. रवळू घोंगड्यात हात घालून तिचा कान पिळत होता आणि ती पुन्हा पुन्हा रेकत होती. मी स्कूटी ओलांडली. अंबुबाई हाका मारत राहिली आणि मी तिच्या अगदी जवळून, तिचं लुगडं माझ्या अंगाला घासलं इतक्या जवळून, परशरामाच्या मागं धावत गेले. मला माणसाची वाचा नाही. असती, तर तिथंच ओरडून सांगितलं असतं.

लोकांनी परशरामावर गुलाल उधळला. अंबुबाई भांडली नाही, रडली नाही. आप्पांनी विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हशीनंच सांगितलं. आता मी काय बोलू?" आणि काठी टेकत घरात गेली. दूध गेलं, म्हैस गेली, ते तिनं सोसलं असतं. शेवंती आपल्याला विसरली, हे तिला सोसलं नाही. त्यानंतर ती आमच्या गोठ्याच्या बाजूनं जायची बंद झाली. नळाला जायचं तरी मागच्या बोळातून लंगडत वळसा घालायची. चुकून समोर आली, तर मान फिरवायची.

मित्रांनो, त्या दिवशी मी ठरवलं. ह्या माणसाला मी सोडणार नाही. शिंग खुपसणं सोपं होतं, रोज सकाळी त्याचं पोट माझ्या तोंडाशीच असायचं. पण शिंग खुपसलं असतं, तर माजलेली म्हैस म्हणून मला खाटकाला दिली असती आणि अंबुबाईला खरं कधीच कळलं नसतं. मला त्याची फजिती हवी होती, आणि तीही त्याच गल्लीत, त्याच लोकांपुढं.

माझ्या हातात काय होतं? दूध. मी पान्हा चोरायला लागले तो अगदी थेंबही खाली येईना. इंजेक्शनांनाही मी दाद देईनाशी झाले. डॉक्टरनं त्याला दम भरला, असंच टोचत राहिलास तर म्हस कायमची आटंल. शेवटी झक मारत त्यानं अबोलीचं दावं सोडलं आणि तिला माझ्या कासेला लावलं. त्या दिवशी मी चरवी भरून दिली. दुसऱ्या दिवशी तिला आणलं नाही, तर मीही दिलं नाही. तो समजला. मग रोज धारेच्या वेळी मी एकदा रेकायची, आणि त्यानं अबोलीला सोडायचं. माझा आवाज आला की असेल तिथून धावत यायचं, हे त्या पोरीच्या हाडीमाशी भिनलं. शिकवणी माझी आणि दावं सोडायला नोकर तो, अशी गंमत वर्षभर चालली.

दूध मिळायला लागलं तशी अबोली अशी काही भरली की विचारू नका. काळी कुळकुळीत, अंगावर माशी घसरेल अशी कांती. लोक बघायला येऊ लागले. मग परशरामाचाही जीव तिच्यात गुंतला. हे मी नाकारत नाही. स्वतःच्या हातानं तिला पेंड चारायचा, तिच्यासाठी गोठ्यात पंखा लावला, गाडीचा हॉर्न वाजवून तिला मागं पळायला शिकवलं. पोरीला काय ठाऊक, हा कोण आणि यानं काय केलंय? तीही त्याला लागली. मला मात्र तो अजून काठीच दाखवायचा.

पुढचा पाडवा आला. परशरामाच्या अंगात वारं शिरलं होतं. मायलेकी दोघी एकदम पळवणार, असं त्यानं शहरभर सांगितलं होतं, त्यामुळं गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. अंबुबाई इतर बायकांसारखी ताट घेऊन दारात उभी होती. रिवाज होता म्हणून. तिला बघून परशरामानं मुद्दाम गाडी हळू केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "बघा रं, आई बी माझी, लेक बी माझी! ज्याच्या मागं पळंल त्याची!" मग गाडी सोडली. मागं अबोली, तिच्या मागं मी.

अंबुबाईच्या दारात मी थांबले.

गाडी पुढं गेली, अबोली पुढं गेली. मी चारी पाय रोवून उभी. अंबुबाई दचकली. मला दम लागला असेल, असं तिला वाटलं. तिनं खाली बघतच मला ओवाळलं, हळद लावली आणि हळूच म्हणाली, "जा गं बाई. तुझा मालक पुढं गेला."

काळीज चरकलं माझं. मी मान वर केली आणि रेकले. धारेच्या वेळी रेकायची तश्शी, पण सगळी ताकद लावून. अबोली पार वेशीजवळ पोचली होती. ती जागच्या जागी वळली. माणसं बाजूला पळाली, कुणाची ताटं पडली, आणि ती माझी पोर उधळत आली ती थेट माझ्या कासेशी डोकं घालून उभी राहिली.

परशराम गाडी फिरवून आला. हॉर्न वाजवला. पेंड दाखवली. अबोलीनं कान टवकारले, तशी मी आडवी आले. त्यानं दावं ओढलं, मी हलले नाही. मग त्यानं कुणाच्या तरी हातातली काठी हिसकावली. तेव्हा सिद्राम आप्पा कट्ट्यावरून उठून आले आणि म्हणाले, काठी खाली ठेव, पाडवा हाय. आता तूच काय वरडलास, ते पुन्हा सांग बघू.

लोक हसले. परशराम लालबुंद झाला आणि रागाच्या भरात बोलून गेला, "आप्पा, ह्यो न्याय न्हवं. थोरली थांबली म्हणून धाकटी फिरली. आपली आई दिसली की जनावर जाणारच. त्याला काय पळणं म्हणायचं? ही फसवणूक हाय."

प्रियदर्शनी आईला धरून उभी होती. वर्षभर तिच्या मनात एक शंका होती, ती आता जागेवर बसली. तिनं आवाज न चढवता विचारलं, "काका, मग गेल्या साली तुमच्या घोंगड्यात काय होतं?"

नारळ, असं तो पुटपुटला. पण कुणी त्याच्याकडं बघतच नव्हतं. सगळी गल्ली रवळूकडं बघत होती. रवळू गर्दीतून पुढं आला. मग म्हणाला, "रेडकू होतं. कान मीच पिळत होतो."

अंबुबाईच्या हातातलं ताट कलंडलं. दिवा विझला, अक्षता माझ्या पायांवर सांडल्या. तिनं दोन्ही हातांनी माझी शिंगं धरली, ताज्या रंगानं हात माखले तरी सोडली नाहीत.

"म्हंजे तू मला सोडून गेली न्हवतीस," ती म्हणाली. "आणि मी वरीसभर तुझ्याकडं पाठ केली गं."

तिनं कपाळ माझ्या कुशीला टेकवलं. भर गल्लीत, सगळ्यांपुढं, माझा पान्हा सुटला. माझ्या आयुष्यात एवढं सुख मला कधी झालं नव्हतं, हे मी लपवत नाही.

आप्पांनी शेवंती अंबुबाईची असं तिथंच सांगितलं. मग म्हणाले, अंबू, रेडकाचं काय करायचं ते तूच ठरव. परशराम पुढं आला. त्याचा ताठा पार उतरला होता. वैनी, थोरली न्या, पण अबोलीला माझ्याकडं राहू द्या, हातानं वाढवलीया तिला, असं म्हणताना त्याला खरोखर रडू फुटलं. प्रियदर्शनीही विरघळली. आईला म्हणाली, जाऊ दे, एवढं नको ताणू. अंबुबाईनं मुलीला गप्प केलं आणि दिराला म्हणाली, "ती बी नेणार. आणि तुझ्या भिंतीला लागूनच बांधणार. आवाज येऊ दे तुला. हात लावायचा न्हाय."

तसंच झालं. आज आम्ही मायलेकी अंबुबाईच्या गोठ्यात आहोत. मी आता म्हातारी झाले, दूध कधीच आटलं, तरी माझ्या गव्हाणीत वैरण आधी पडते. आणि परशराम? तो रोज डेअरीवरून आला की भिंतीपाशी येतो. मुठीत पेंड असते. अबोलीला त्याच्या गाडीचा आवाज लांबूनच कळतो, ती दावं ताणून त्याच्याकडं मान लांबवते, तोही भिंतीवरून हात लांबवतो. दोघं एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. पोचायची वेळ आलीच, तर मी मध्ये जाऊन उभी राहते. केस पिकलेत त्याचे. परवा अंबुबाईसुद्धा मला म्हणाली, पुरं झालं गं, लावू दे त्याला एकदा हात. मी तिचं सगळं ऐकते, हे ऐकलं नाही.

अबोली रेकते तेव्हा मला त्रास होत नाही असं नाही. तिचा काही गुन्हा नाही. आणि दाव्याला ताण देऊन रेकणारं पोर म्हणजे काय, ते माझ्याइतकं कुणाला कळणार? कधी कधी वाटतं, सरकावं बाजूला. मग शिंगाच्या मुळाशी ठणकतं आणि मी तिथंच राहते.

मित्रांनो, तुमच्या घरी, शेजारी कुठं गाय, म्हैस, शेळी असेल, तर तिचं पिल्लू तिच्या जिभेच्या टप्प्यात बांधा. पहिलं दूध त्याला पाजा. तुमच्यावर विश्वास टाकून कुणी गावाला गेलं असेल, तर त्याच्या जनावराला आपलं म्हणू नका. दया येत असेल तर दयेनं करा. नसेल येत, तर भीतीनं करा, माझी हरकत नाही.

आता बोलणं आवरतं घेते. गल्लीच्या तोंडाशी त्याचा हॉर्न वाजला, अबोली उठून उभी राहिलीय. गुडघे दुखतात माझे, पण मलाही उठायला हवं.